आवाज संपल्यावरची रेघ

आमच्या निपाणीत कोणताही कार्यक्रम असला की शेवटी आभारप्रदर्शन असतं, आणि ते बहुतेक वेळा माझी मम्मी करते. ती तिथल्या शाळेत शिक्षिका आहे. बेंगळूरला बदली मिळेपर्यंत ती तिकडे आणि पप्पा, आज्जी आणि मी इकडे, असं आमचं चाललंय. तर मम्मी आभार मानायला उभी राहिली की लोक चपला शोधायला लागतात. मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, चहावाल्याचे आभार खुर्च्या सरकवण्याच्या गोंधळात विरून जातात.

म्हणून मी उलटं करणार आहे. आधी आभार. गोष्ट मधूनमधून येईल. चपला नंतर शोधा.

सर्वप्रथम, पंखा

आठवी ब मध्ये माझ्या डोक्यावर जो पंखा आहे, तो खडखडतो. त्याचे आभार, कारण वर्षभर माझा सगळा दोष त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. मला काही समजलं नाही की मी म्हणायचे, "मॅम, पंखा." पंख्याने कधी नाही म्हटलं नाही. पंखा बंद असला तर रस्ता होता. आमची शाळा बेंगळूरच्या बेळ्ळंदूरला, रिंग रोडपासून एक गल्ली आत. बाहेर सकाळपासून हॉर्न. हॉर्नचेही आभार.

वर्गातलं शिकवणं मला असं मिळायचं:

तर मुलांनो, आवाज … हवेतून … पाण्यातून त्याहून … आणि लोखंडातून तर … का बरं … कोण … सोनम?

"हो मॅम."

आणि वर्ग हसायचा. हसणं मात्र मला पूर्ण ऐकू यायचं.

मला वाटायचं, सगळ्यांना असंच मिळतं, तुकड्यातुकड्यांत. बाकीची मुलं जोडणी करण्यात माझ्याहून हुशार आहेत, एवढंच.

भाषांचे आभार (सगळ्या भाषांचे एकदम)

आमच्या वर्गात शिकवणं इंग्रजीत, मधली सुट्टी कन्नडमध्ये, भांडण हिंदीत. मी निपाणीहून आलेली. त्यामुळे मी "काय?" म्हटलं की सगळ्यांना वाटायचं, हिला भाषा कळत नाही. यात कोणाचा वाईटपणा नव्हता. उलट सगळे फार चांगले वागायचे. शेजारी बसणारी भूमिका म्हणायची, "अय्यो पाप, बिचारी, थांब, तुला मराठीत सांगते." मग ती वळायची, माझ्या तोंडासमोर तोंड आणायची आणि सावकाश, शब्द सोडवून सांगायची. मला सगळं समजायचं.

"बघितलंस?" ती मागच्या बेंचवरच्या अभिराजला सांगायची. "भाषेचाच प्रॉब्लेम आहे."

मला कन्नड येतं. निपाणीत कोणाला येत नाही? पण भूमिकाचा चेहरा इतका खूश दिसायचा की मी ते बोललेच नाही.

हर्षिता मॅमचंही तेच झालं. त्या आम्हाला सायन्स शिकवतात. चिकपेटला त्यांच्या घरच्यांचं कापडाचं दुकान आहे आणि त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी वेगळीच आहे, तिच्यात जागोजागी कन्नड पेरलेलं. "स्वल्प इकडे सरक गं," म्हणतात. "सरी, ठीक, आता बघ." आज्जी पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली होती, "बाई, ही कुठली म्हणायची मराठी?"

"अक्का, आम्ही तुमच्या आधी आलोय इथं. आमचीच खरी," मॅम म्हणाल्या होत्या. आज्जीला ऐकू गेलं नाही, पण ती हसली. आज्जीला काही ऐकू गेलं नाही की ती हसते.

मॅम मला वर्ग सुटल्यावर जवळ बसवायच्या आणि मराठीत धडा सांगायच्या. तो मला पाठ व्हायचा. त्यामुळे त्यांचीही खात्री पटली: मुलगी हुशार आहे, फक्त भाषा.

श्वासक्काचे आभार (हे मी मागे घेते)

शाळेने मागच्या वर्षी सगळ्यांना टॅबलेट दिले. मग पालक म्हणाले, मुलं फार स्क्रीन बघतात, मन थाऱ्यावर नसतं. मग शाळेने मन थाऱ्यावर आणायला एक ॲप घेतलं आणि ते त्याच टॅबलेटवर टाकलं. आज्जीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे दारू सोडायचं औषध दारूच्याच दुकानात."

रोज सकाळी पहिल्या तासाला टॅबलेट समोर उभे करून ठेवायचे आणि डोळे मिटायचे. टॅबलेटमधली एक बाई हळू आवाजात सांगायची, श्वास आत घ्या, श्वास बाहेर सोडा, मनात काय येतं ते बघा. अभिराजने तिचं नाव श्वासक्का ठेवलं. टॅबलेटचा कॅमेरा आमच्याकडे बघत असायचा. जो शांत राहिला त्याला शेवटी हिरवा ठिपका. जो हलला किंवा ज्याने डोळे उघडले त्याला लाल.

मला रोज लाल.

कारण डोळे मिटले की माझ्यासाठी वर्ग बंदच व्हायचा. श्वासक्का काय म्हणतेय, संपलं की नाही, सगळे उठले की काय, काही कळायचं नाही. मग मी एक डोळा थोडासा उघडायचे. कॅमेऱ्याला तेवढं पुरायचं.

अभिराज बसल्या बसल्या झोपायचा. त्याला रोज हिरवा.

"शिक जरा माझ्याकडून," तो म्हणायचा. "मन शांत पाहिजे."

"तुझं मन नाही, तू घोरतोस," भूमिका म्हणायची.

मध्येच एक काळजी

टॅबलेटवर सायन्सचे व्हिडिओ असत आणि त्यात बोलणाऱ्याच्या खाली बोलणं अक्षरांत उमटायचं. तिथे मी कोणाला हार जायची नाही. व्हिडिओवरच्या चाचणीत पैकीच्या पैकी. आणि वर्गात तोंडी प्रश्न विचारले की शून्य.

प्रिन्सिपल मॅडमनी हे बघितलं. त्या कडक आहेत, पण घाईने काही ठरवत नाहीत. त्यांनी माझे सगळे लाल ठिपके बघितले, सगळे मार्क बघितले आणि पप्पांना निरोप पाठवला की या मुलीला स्क्रीनची सवय लागली आहे. स्क्रीन दिली की हुशार, माणूस बोललं की लक्ष नाही. तेव्हा पुढच्या सत्रापासून सोनमला फाउंडेशन वर्गात बसवू, टॅबलेटशिवाय. शनिवारी भेटायला या.

फाउंडेशन वर्गात सहावीची, सातवीची मुलं असतात. त्याचं मला फार नव्हतं. मला टॅबलेटचं होतं. मी ते कोणाला सांगू शकले नाही, कारण सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, सवय. पण टॅबलेट गेला असता तर माझी अक्षरं गेली असती. मग माझ्याकडे राहिला असता फक्त पंखा.

वाटीचे आभार

हर्षिता मॅमना श्वासक्का आवडायची नाही. "किती गं बोलते ही," म्हणायच्या. "शांत बसा, शांत बसा म्हणत शांत बसूच देत नाही." एक दिवस त्यांनी सगळ्यांचे टॅबलेट पालथे ठेवायला सांगितले आणि पिशवीतून एक वाटी काढली.

काशाची वाटी. तळपायाला तूप लावून घासतात ती.

"मॅम, पायाची वाटी?" अभिराज ओरडला.

"आमच्या आज्जीची, अंबुबाईंची. घासून घासून धुतलीय. तू तोंड धुतलंस का सकाळी?"

वर्ग हसला. मग मॅमनी माझ्याकडे तोंड करून, मला नीट कळेल असं, नियम सांगितला. त्यांनी तो इंग्रजीत सांगितला होता, पण मला मराठीत आठवतो: मी वाटी वाजवीन. डोळे मिटा. आवाजाच्या मागे मागे जा. तो कुठे जातो बघा. ज्याच्या कानातून आवाज संपला त्याने बोट वर करायचं. कॅमेरा नाही, ठिपका नाही.

त्यांनी लाकडी पळीने वाटीच्या काठावर मारलं.

टण्.

मी बोट वर केलं.

मला वाटलं मी जिंकले.

दुसऱ्या दिवशीही मीच पहिली. तिसऱ्या दिवशीही. अभिराजने माझं नाव 'सुपरफास्ट' ठेवलं. मॅम म्हणाल्या, "सोनम, घाई नको गं. स्वल्प थांब. परत ऐक." मग मी आवाज संपल्यावर थोडं थांबायला लागले. मला वाटलं, संपल्यावर लगेच बोट वर करणं उद्धटपणाचं असेल. पाहुण्यांकडे जेवण झाल्यावर लगेच उठत नाहीत, तसं काहीतरी. मी मनात दहापर्यंत मोजायचे आणि मग बोट वर करायचे. तरी मीच पहिली.

पण एक सांगते. ती वेळ मला फार आवडायची. टण् झालं की माझ्यासाठी लगेच सगळं निवायचं. पंखा मॅम बंद करायच्या. इतरांना त्या शांततेची वाट बघावी लागायची, मला ती आधीच मिळायची. मी श्वास मोजायचे. बोटांत ठोका लागायचा तो बघायचे. श्वासक्का जे सांगत होती ते मला तिच्याविना जमायला लागलं होतं. आणि बाकी वर्ग अजून कुठल्यातरी गोष्टीच्या मागे जात होता. ती गोष्ट आहे हेच मला माहीत नव्हतं.

अभिराजचे विशेष आभार

त्याचे आभार मानले की तो महिनाभर मिरवणार. तरी मानते.

शुक्रवार होता. शनिवारच्या मीटिंगचं सगळ्यांना माहीत होतं. वाटी वाजली, माझं बोट वर गेलं आणि अभिराज मध्येच उठून म्हणाला, "मॅम, ही चीटिंग करते. ऐकतच नाही, नुसतं बोट वर करते."

"ध्यानात कसली रे चीटिंग?" मॅम म्हणाल्या.

"मग बघू ना मॅम. सायन्सचं ते ॲप आहे ना, आवाजाची रेघ काढणारं. टॅबलेट वाटीजवळ ठेवा. रेघ संपली की आवाज संपला. कोण खरं, कोण खोटं, लगेच कळेल."

मॅमना ते पटलं, पण वेगळ्या कारणासाठी. त्या म्हणाल्या, "छान. आज डोळे उघडे ठेवून ऐकू. कान आणि रेघ दोन्ही." त्यांनी टॅबलेट वाटीच्या शेजारी ठेवला आणि तो फळ्याशेजारच्या मोठ्या स्क्रीनला जोडला.

टण्.

रेघ एकदम डोंगरासारखी वर उडाली आणि उतरायला लागली. माझ्या कानातून आवाज गेला. मी बोट वर केलं आणि स्क्रीनकडे बघितलं. रेघ थांबली नव्हती. थरथरत, बारीक होत, पुढे पुढे चालली होती.

मी उभी राहिले. म्हणाले, "मॅम, टॅबलेट बिघडलाय."

कोणी हसलं नाही.

मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी मोठ्याने सांगितलं, "आवाज संपला तरी रेघ काढतोय. बघा ना. बिघडलाय."

भूमिका माझ्याकडे वळली. तिचा चेहरा समोर आला. "सोनम, अजून वाजतंय."

"नाही."

"अगं, वाजतंय. आत्ता वाजतंय."

मी वर्गभर बघितलं. एकाचंही बोट वर नव्हतं. अभिराजचंही नाही. तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता.

टण् ———— मी ———————————————————————— भूमिका ———————— अभिराज ——

(ही रेघ मी नंतर काढली. पण अशीच होती.)

मग मॅमनी मला जवळ बोलावलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "बाहेर काय काय दिसतं ते बघ. मी सांगेपर्यंत बघत राहा." मी बघितलं. एका बिल्डिंगच्या काचांवर दुसरी बिल्डिंग उलटी दिसत होती. तळ्याच्या बाजूला घार फिरत होती. एक माणूस पाण्याच्या टँकरवर बसून केळं खात होता. मला बरं वाटत होतं. बऱ्याच वेळाने माझ्या खांद्यावर हात पडला. मॅमच्या दुसऱ्या हातात खडू होता, त्याचे दोन तुकडे झाले होते.

मागे काय झालं ते भूमिकाने नंतर सांगितलं. पंखा बंदच होता. मॅमनी सगळ्यांना गप्प केलं होतं. आणि माझ्या पाठीमागे चार पावलांवर उभं राहून, साध्या मराठीत, हाका मारल्या होत्या. "सोनम. सोनम, इकडे ये गं. सोनम बाळा." मराठीत. ज्या भाषेत मला सगळं कळतं असं सगळ्यांना वाटत होतं, तीत.

"तेव्हा आम्हाला कळलं," भूमिका म्हणाली, "की आम्ही मराठीत नाही, समोरून बोलायचो."

पप्पांचे आभार

पप्पा लिफ्टची देखभाल करतात. बेळ्ळंदूरच्या दोन मोठ्या ऑफिसांतल्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत. मॅमनी त्यांना फोन केला. पप्पा तेव्हा घरी आले होते. फोनवर ते काय म्हणाले ते मी बघत होते.

"घरात ऐकतीय की हो मॅडम सगळं. आमी बोलतो, ती बोलती. आज्जी तिला हाक मारती, ही येती. काय बोलायलाय तुम्ही?"

आमच्या घरात आज्जीला कमी ऐकू येतं. त्यामुळे सगळे ओरडून बोलतात, समोर येऊन बोलतात, हातवारे करून बोलतात. शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे रोज भांडण असतं. त्या ओरडण्यात माझं भागून गेलं. आज्जीचे आभार, आणि तिच्या कानांचेही, त्यांनी मला इतकी वर्षं सांभाळलं.

फोन ठेवून पप्पा आत गेले. मी पुन्हा वहीत डोकं घातलं. भिंतीवर सावली हलली म्हणून मी मागे वळले. पप्पा माझ्या मागे उभे होते आणि स्कूटरच्या किल्ल्या हलवत होते. तोंडावर हसू नव्हतं.

"कधीपास्नं उभाय तुम्ही?" मी विचारलं.

ते खाली फरशीवर बसले. मग मम्मीला फोन लावला. माझ्याकडे अर्धी पाठ करून बोलत होते, पण मला त्यांचे ओठ दिसत होते. "मी खालच्या मजल्यावरनं वरच्या लिफ्टचं बेअरिंग ऐकतो गं," ते म्हणाले. "आणि पोरगी माझ्या शेजारी बसून जेवती."

ओठांवरून कळतं याला काही वेगळं नाव असतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी त्याला ऐकणंच म्हणायचे.

डॉक्टरांचे आभार, थोडक्यात

शनिवारी मीटिंग दुपारी होती. पप्पांनी मीटिंगची वाट बघितली नाही. सकाळीच मला आणि आज्जीला घेऊन जयनगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. आज्जीला घरी ठेवायचा प्रयत्न झाला, पण ती म्हणाली, "माझ्या नातीचं कान हाय," आणि पातळ नेसून दारात उभी राहिली.

एका बंद खोलीत मला बसवलं, कानांवर हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबलं. मग बराच वेळ कोणी आवाजच पाठवला नाही. मी काचेतून बघितलं तर डॉक्टर कागदावर भराभर खुणा करत होते.

त्यांनी कागद दाखवला. त्यावर माझ्या कानांची रेघ होती. डावीकडे सपाट आणि उजवीकडे घाट उतरल्यासारखी खाली. "जाड आवाज ऐकू येतात," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "बारीक, उंच आवाज येत नाहीत. शब्दांतली काही अक्षरं तिथेच असतात. म्हणून शब्द अर्धे येतात. तुझी चूक नाही. मशीन लावलं की बरंच येईल."

तुझी चूक नाही. ते त्यांनी बोलताबोलता सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी मात्र लिफ्टने खाली येईपर्यंत, ती लिफ्ट कशी किरकिरते हे पप्पा आज्जीला ओरडून सांगत असतानाही, तेवढं एक वाक्य धरून होते.

शनिवार, दुपार, प्रिन्सिपल मॅडमची खोली

टेबलाच्या एका बाजूला प्रिन्सिपल मॅडम. दुसऱ्या बाजूला पप्पा, आज्जी, मी. बाजूला हर्षिता मॅम, त्यांच्या मांडीवर पिशवी. टेबलावर मध्ये मिठाईचा, कुंद्याचा डबा. मम्मीने बेळगावहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवलेला. आज्जीने तो बसायच्या आधीच पुढे सरकवला होता.

प्रिन्सिपल मॅडमनी डॉक्टरांचा कागद वाचला. पुन्हा वाचला. म्हणाल्या, "हे मला मान्य आहे. पण ठिपके? ती शांत बसतच नाही. एकाग्रतेचा प्रश्न वेगळा असू शकतो. मशीन यायला वेळ लागेल म्हणता. तोपर्यंत टॅबलेट काढून बघूया. मी तिच्या भल्याचंच म्हणतेय."

त्या माझ्या भल्याचंच म्हणत होत्या. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

पप्पा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना इंग्रजी सापडेना, कन्नड सापडेना. त्यांनी हर्षिता मॅमकडे बघितलं.

हर्षिता मॅमनी पिशवीतून वाटी काढली. "मॅडम, एकदा ऐकून बघता का? आम्ही वर्गात करतो ते. दोन मिनिटं."

"मी?"

"सगळेच. डोळे मिटायचे. आवाज संपला की बोट वर."

प्रिन्सिपल मॅडमनी घड्याळ बघितलं, चष्मा काढला आणि डोळे मिटले. पप्पांनी मिटले. आज्जीने सगळ्यांचं बघून मिटले आणि हातही जोडले, देवाचं काहीतरी असेल म्हणून. हर्षिता मॅमनी टॅबलेट वाटीजवळ ठेवून रेघ चालू केली आणि मला खूण केली: तू बघत राहा.

टण्.

माझं बोट वर.

मग काहीच नाही. रेघ चालली होती. पप्पांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, लिफ्टखाली उभं राहून ऐकताना असतो तसा असणार. हर्षिता मॅमचे डोळे मिटलेले. आणि मग, रेघ अजून अर्ध्यातच असताना, प्रिन्सिपल मॅडमचं बोट वर गेलं.

त्यांनी डोळे उघडले. माझं बोट बघितलं. स्वतःचं बघितलं. मग स्क्रीनवरची रेघ बघितली.

"हे अजून चालू का आहे?" त्या म्हणाल्या. "हा टॅबलेट बिघडला आहे का?"

"आहे की आवाज," पप्पा डोळे न उघडता म्हणाले. "बारीक आहे. पण आहे."

प्रिन्सिपल मॅडम पुढे वाकल्या. त्यांनी मान थोडी वाकडी केली, कान वाटीकडे नेला. त्यांचं वय मम्मीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. रेघ बारीक होत गेली. पप्पांचं बोट वर गेलं. हर्षिता मॅमचं वर गेलं. रेघ सपाट झाली.

आणि आज्जी, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाजव की गं बाई आता! किती येळ बसू अशी?"

पहिल्यांदा हर्षिता मॅम हसल्या. मग पप्पा. मग प्रिन्सिपल मॅडम, तोंडावर हात धरून, चष्मा हातात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आज्जीने डोळे उघडले, सगळे हसतायत हे बघितलं आणि नेहमीसारखी तीही हसायला लागली. मी तर कधीची हसत होते.

प्रिन्सिपल मॅडमनी चष्मा लावला. वळून थेट माझ्याकडे बघितलं आणि प्रत्येक शब्द वेगळा ठेवून म्हणाल्या, "सोनम. आठवी ब."

"आणि टॅबलेट?"

"तो तुझाच. उलट आम्हीच काहीतरी करू, म्हणजे त्यावर वर्गातलंही लिहून येईल." मग त्यांनी कुंद्याचा डबा उघडला, आज्जीला आधी दिला आणि हर्षिता मॅमना म्हणाल्या, "त्या डॉक्टरांचा नंबर मला पाठवून ठेवा. ऑफिससाठी."

"हो मॅडम," हर्षिता मॅम म्हणाल्या. "ऑफिससाठी."

राहिलेले आभार

मांडववाल्याचे आणि माइकवाल्याचे. म्हणजे खरोखर माइकवाल्याचे. हर्षिता मॅम आता कॉलरला छोटा माइक लावतात आणि त्या जे बोलतात ते माझ्या टॅबलेटवर अक्षरांत उमटतं. त्या मध्येच कन्नडमध्ये घुसल्या की टॅबलेट गोंधळतो आणि काहीतरी भलतंच लिहितो. ते मी भूमिकाला दाखवते आणि आम्ही दोघी बोलणी खातो.

मशीनचे आभार, पण सगळे नाही. ती लावल्यावर पहिला आठवडा मी रडायच्या बेतात होते. कोणी सांगितलं नव्हतं की चिप्सचं पाकीट इतकं ओरडतं. अभिराज पेन्सिल चावतो त्याला आवाज असतो. पप्पा जेवताना ताक पितात तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही.

सकाळच्या शांततेत आता ठिपके नाहीत. श्वासक्का अजून आहे, पण तिचं बोलणं अक्षरांत येतं आणि ज्याला डोळे उघडे ठेवायचेत त्याने ठेवायचे. आणि वर्गात कोणी ठरवलं नाही, कुठे लिहून लावलं नाही, पण मुलं बोलायच्या आधी एकमेकांकडे वळायला लागली आहेत. माझ्याकडेच असं नाही. एकमेकांकडेही.

परवा हर्षिता मॅम फळ्यावर आकृती काढत होत्या. आमच्याकडे पाठ, एका हातात खडू, आणि बोलत होत्या. माइकची बॅटरी उतरली होती. मशीनमधून आवाज येत होता, पण पाठीवरून येणारे शब्द मला पुन्हा तुकड्यांत मिळाले: प्रकाश … कोन … तितकाच … म्हणून.

मी मान डोलवू शकले असते. मला ते छान येतं.

मी उभी राहिले. "मॅम, मला नाही कळलं. परत सांगाल?"

वर्ग गप्प. मला ते गप्प असणंही आता ऐकू येतं.

मग मागून अभिराज, "मॅम, मलापण नाही कळलं."

"मलापण," भूमिका.

खिडकीजवळून आणखी कोणीतरी.

हर्षिता मॅमनी खडू ठेवला, हात झटकले, आमच्याकडे वळल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.